अनुदानाच्या पंखांवरील उड्डाण

विमान ही धनिकांची चैन. तिच्या बुडण्याचे सोयरसुतक समाजवाद्यांनी का बाळगावे, असे काही साथींना वाटते. त्यांनी एकदा फर्दापूरच्या तिठ्यावर जाऊन यावे. अजिंठ्याची लेणी चिकलठाण्याच्या विमानतळापासून शंभरेक किलोमीटरवर आहेत. त्यांच्या आश्रयाने पोट भरणारे मार्गदर्शक, मोटारचालक व फेरीवाले यांची कमाई बरीचशी दूरच्या पाहुण्यांवर अवलंबून असते.

२०१५ साली हैदराबादच्या 'ट्रूजेट' कंपनीची एटीआर विमाने या विमानतळावर उतरू लागली. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेचा शुभारंभ झाला तेव्हा तिचाच नांदेड–हैदराबाद मार्ग पहिल्या मार्गांत होता. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात दिसावा, अशी मनीषा पंतप्रधानांनी बोलून दाखविली. तासाभराच्या प्रवासाचे भाडे अर्ध्या जागांपुरते अडीच हजारांवर बांधण्यात आले. त्यापायी येणारी तूट मात्र तीन वर्षे सार्वजनिक पैशातून भरावयाची, त्यात राज्याचा वाटा वीस टक्के, आणि वर मार्गाची मक्तेदारीही कंपनीलाच! फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची विमाने जमिनीला टेकली ती टेकलीच.

त्याच महिन्यात एस.टी.चे कर्मचारी शासनातील विलीनीकरणासाठी संपावर होते. लेण्यांच्या पायथ्यापर्यंतचे अखेरचे चार किलोमीटर प्रवाशाला नेते ती हीच एस.टी. तिच्या कामगारांना विलीनीकरण शक्य नसल्याचे ऐकविण्यात आले. खाजगी विमानाची तूट भरून देताना अशी अडचण कोणालाच कशी आठवली नाही?

'वायुदूत'चे काय झाले, असे प्रतिपक्ष विचारील. १९८१ साली दोन सरकारी विमान कंपन्यांनी ती काढली आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तिला तोटा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या तोट्याचा जाब संसदेत विचारता येत होता. आणि खाजगी कर्तबगारीचा हिशेब महालेखापरीक्षकांनीच २०२३ साली मांडला आहे : उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंतच्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, उरलेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, अनुदान सरल्यावर मार्च २०२३ पर्यंत तगले ते अवघे ५४.

२७ जानेवारी २०२२ रोजी, म्हणजे ट्रूजेट थांबण्याच्या काही दिवस आधी, एअर इंडिया टाटांच्या हवाली झाली. छोट्या शहरांसाठी सरकारच्या हाती उरली ती 'अलायन्स एअर' ही धाकटी कंपनी. मराठवाड्याचे मार्ग तिच्याकडे सोपवावेत आणि आजवर खाजगी कंपन्यांना दिलेल्या अनुदानाचा मार्गवार हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा, ही मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतील साथींनी एस.टी. कामगारांना बरोबर घेऊन केली पाहिजे.