धुण्याचे पाणी आणि काळी माती

स्वच्छतेचा आपला हिशेब बहुधा मोरीपाशी संपतो. कपडे उजळले, भांडी लखलखली, फरशी पुसून झाली, म्हणजे काम झाले असे आपण मानतो; मोरीतून बाहेर पडलेल्या पाण्याचे पुढे काय होते, याची चौकशी करण्याची आपल्याला सवय नाही. परभणीसारख्या जिल्ह्याला ही बेफिकिरी परवडणारी नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या जिल्ह्यातून वाहत असल्या तरी मराठवाड्याचा उन्हाळा पाणी मोजून वापरावयास लावतो. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. अशा टंचाईत धुण्याचे पाणी वाया घालविणे कोणत्याही गृहिणीस रुचत नाही. ते शेवग्याच्या, पपईच्या झाडास जाते किंवा परसातील भाजीस मिळते. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्याच्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघडी गटारे आणि डास यांतून सुटका करून घेतली, त्या उदाहरणाचे अनुकरण अनेक गावे करीत आहेत. हे सर्व स्तुत्यच आहे. परंतु सांडपाणी गावाबाहेर न जाता गावाच्याच मातीत मुरू लागले, म्हणजे त्या पाण्यात आपण काय मिसळतो हा प्रश्न घराचा न राहता जमिनीचा होतो.

या जिल्ह्यातील शेतकऱ्यास चोपण जमीन म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. काळ्या मातीतील चिकणकणांवर सोडियमचा ताबा वाढला की माती ओलीत फुगते, वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते, पाणी मुरू देत नाही आणि मुळांना श्वास घेऊ देत नाही. कालव्याच्या लाभक्षेत्रात अतिरिक्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे हा रोग जडतो. त्याचा दोष कपड्यांच्या साबणावर ढकलणे अन्यायाचे होईल. मात्र जो सोडियम शेतात घातक, तोच परसात निरुपद्रवी कसा ठरेल? धुण्याच्या स्वस्त पावडरीत धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा, वाटा मोठा असतो. शिवाय भर म्हणून सोडियमचे इतर क्षार असतात. हे पाणी वर्षानुवर्षे एकाच आळ्यात वा एकाच खड्ड्यात पडत राहिले, तर काही वर्षांनी झाड खुरटते, खड्डा पाणी पिईनासा होतो आणि दोष मात्र झाडाला व खड्ड्याला दिला जातो.

रिठा, शिकेकाई आणि हिंगणबेट यांच्याकडे पुन्हा पाहण्याचे कारण हे असे रोकडे आहे. त्यास पूर्वजांच्या गौरवाची जोड देण्याची गरज नाही. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते, मळ सोडविते, आणि हे काम करण्यासाठी त्याला सोड्याची मदत लागत नाही. सोनार दागिने उजळण्यास रिठाच वापरीत आले आहेत. रेशमी आणि लोकरी वस्त्रांना खार सोसत नाही, म्हणून पैठणी किंवा शाल रिठ्याच्या पाण्यातच धुवावी, हा सल्ला आजही जाणती माणसे देतात. काटेरी हिंगणबेट मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखातही तग धरून राहते. त्याच्या फळाचा गरही रेशीम धुण्याच्या कामी येत असे. आणखी एक गुण या भागाच्या दृष्टीने मोलाचा आहे. येथे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करते, म्हणून साबण झिजतो पण फेस येत नाही. सॅपोनिनचा असा साका होत नाही.

इतके गुण असताना रिठा मागे का पडला? भारतात १९५९ साली सर्फ ही धुण्याची पावडर आली आणि १९६९ पासून अहमदाबादच्या निरमाने ती सामान्यांच्या खिशाला परवडेल अशा भावात दिली. आपली माणसे जाहिरातीला भुलली, असे म्हणून या बदलाचा निकाल लावणे सोपे आहे, पण ते खरे नाही. रिठे रात्रभर भिजत घालावयाचे, सकाळी उकळावयाचे, कुसकरून गाळावयाचे, आणि ते पाणी दोन-तीन दिवसांत नासते म्हणून पुन्हा तोच खटाटोप करावयाचा, हे काम घरातील बाईच्याच वाट्याला येत होते. पावडरीने तिचा वेळ वाचविला. जी सुधारणा तिचे कष्ट पुन्हा वाढवील, ती कितीही निसर्गाचे नाव घेऊन आली तरी तिचे स्वागत करता येणार नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. जनाबाईंच्या दळण-कांडणाला आणि धुण्याला प्रत्यक्ष विठ्ठलाने हात लावला, असे लोकमानस शतकानुशतके सांगत आले आहे. देवाला ज्या कामाचा कमीपणा वाटला नाही, ते काम घरातील पुरुषांनीही वाटून घ्यावे, एवढी अपेक्षा तरी परभणीत अवास्तव ठरू नये.

जुने ते सर्व मातीच्या हिताचे, हाही एक भ्रमच आहे. पूर्वी धुण्यास सर्रास वापरला जाणारा पापडखार हा सोडियमचाच क्षार आहे. बाजारात 'वनस्पतिजन्य' म्हणून मिळणारा साबण खोबरेल, महुआ किंवा कडुनिंबाच्या तेलाचा असला, तरी वडी घट्ट होण्यासाठी तो बहुधा कॉस्टिक सोड्यानेच केलेला असतो. तेल झाडाचे असले तरी त्यात सोडियम राहतोच. रिठाही सर्वगुणसंपन्न नाही. तेलकट डागांपुढे तो दुबळा ठरतो आणि पांढऱ्या धोतर-सदऱ्यावर पिवळसर झाक आणू शकतो. डोळ्यांत गेला तर झोंबतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सॅपोनिन माशांना विषारी आहे. मासे गुंगविण्यासाठी अशा फळांचा वापर अनेक ठिकाणी होत आला आहे. म्हणून रिठ्याचे पाणी नैसर्गिक आहे या समजुतीने ते नदीत किंवा तळ्यात सोडणे हा शहाणपणा नव्हे. त्याची जागा माती आहे. तेथे ते कालांतराने कुजून जाते.

तेव्हा पावडर टाकून द्या, असा उपदेश येथे करावयाचा नाही. विवेक हवा तो वाटणीचा. रेशीम, लोकर, रंगीत सुती कपडे, दागिने, फरशी आणि कमी तेलाची भांडी यांना रिठा पुरेसा आहे. मळकट आणि पांढऱ्या कपड्यांना साबण-पावडर लागली, तर ती मापात घ्यावी आणि ते पाणी झाडांना न देता वेगळे काढावे. झाडाला जाणारे पाणी आणि न जाणारे पाणी अशा दोन वाटा मोरीपाशीच पाडल्या, तरी निम्मे काम झाले. तांब्या-पितळेला चिंच आणि तव्याला राख हे उपाय तर अजून कोणी विसरलेले नाही.

पुढचे काम मात्र एकट्या घराचे नाही. परभणीत १९७२ साली स्थापन झालेले, आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. मृदेचे शास्त्रज्ञ आणि पूर्वी गृहविज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयातील वस्त्रांचे जाणकार एकाच आवारात मिळणे, ही संधी थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येते. जिल्ह्याच्या निरनिराळ्या गावांतील पाण्यात रिठा आणि हिंगणबेट कितपत काम देतात, त्यांच्या पाण्याने काळ्या मातीवर पाच वर्षांत काय परिणाम होतो आणि पावडरीच्या पाण्याने काय होतो, याची शेजारी-शेजारी चाचणी घेऊन निष्कर्ष सोप्या मराठीत गावोगाव पोहोचवावेत. रिठ्याचा अर्क टिकाऊ करण्याची युक्ती साधली, तर बचत गटांना उद्योग मिळेल आणि रोज उकळत बसण्याचा त्रासही टळेल. रिठ्याच्या झाडाला फळ धरण्यास बरीच वर्षे लागतात, हे ध्यानात घेऊन ग्रामपंचायतींनी शाळेच्या आवारात आणि पाणवठ्यापाशी ती आताच लावावयास हवीत. पावडरीच्या पुड्यावर सोडियमचे प्रमाण छापणे सक्तीचे करण्याची मागणीही ग्राहक चळवळीने उचलून धरावी. युरोपीय संघाने जून २०१३ पासून घरगुती धुण्याच्या पावडरीतील फॉस्फरसवर मर्यादा घातली. कारण त्याने तेथील जलाशयांत शेवाळ माजत होते. त्यांनी आपले पाणी पाहून नियम केला, आपण आपली माती पाहून करावा.

चोपण झालेली जमीन सुधारता येते; पण त्यासाठी जिप्सम, निचऱ्याचे चर आणि अनेक हंगामांचा धीर लागतो. परसातील हातभर मातीसाठी एवढा खर्च कोणी करणार नाही. ती मुकाट्याने निकामी होईल. मोरीतले पाणी झाडाकडे वळविताना त्यात काय आहे हे एकदा विचारण्यास मात्र काहीच खर्च येत नाही.