भेकराचा वाटा

पारधीच्या गोष्टी निघाल्या की आमच्या कुटुंबांत दोन तट पडतात. एका तटातील मंडळींचे डोळे भरून येतात. वाडवडिलांची ठासणीची बंदूक, हाकाऱ्यांचा ओरडा, मचाणावरची रात्र आणि सकाळी घरोघर पोहोचलेला भेकराचा वाटा, हीच खरी गावाकडची संस्कृती होती, असे त्यांचे म्हणणे. सरकारने कायदा केला आणि बाप-लेकांना बांधणारा एक धागा तोडून टाकला, अशी त्यांची तक्रार. दुसऱ्या तटातील मंडळी नाक मुरडतात. गेले ते बरे झाले, आता मुलांनी अभ्यास करावा, परीक्षा द्याव्यात, रानात काय ठेवले आहे, असे ती विचारतात. आमचा वाद या दोघांशीही आहे. पहिल्यांची चूक ताटात वाढली जाते, दुसऱ्यांची चूक मुलांच्या अंगात मुरते.

प्रथम पहिल्या तटाकडे वळू. वसई तालुक्याच्या पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर आहे. सुमारे 85 चौरस किलोमीटरचे हे रान 2003 साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याच्या पलीकडे तानसाचे रान आहे. या झाडोऱ्यात भेकर राहते. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज काढून धोक्याची सूचना देणारे, बहुधा एकटे हिंडणारे हे लहानसे हरीण. त्याची मादी एका वेळी बहुतेक एकच पाडस देते. कळपाने राहणाऱ्या जनावरांप्रमाणे त्याची भरपाई चटकन होत नाही. रानातली भेकरे संपली म्हणजे बिबट्या उपाशी बसून राहत नाही, तो वाडीतल्या कुत्र्याकडे आणि गोठ्यातल्या शेळीकडे वळतो. मग ज्या गावाने वाटे मोजून घेतले, तेच गाव वनखात्याच्या नावाने बोटे मोडू लागते.

“पण आमच्या आजोबांनी केली ना शिकार?” असा प्रश्न हमखास येतो. केली असेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. आजोबांच्या परवान्यावर नातवाला बंदूक चालवता येत नाही, एवढे तरी मान्य करावयास हरकत नसावी. आणि कायद्याच्या दृष्टीने शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे असे कोणी समजू नये. फासा लावणे, जाळे टाकणे, हाका करून जनावर हुसकावणे, पक्ष्यांची अंडी काढणे, या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अभयारण्यातील शिकारीस तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा तुरुंगवास आहे. मारलेल्या जनावराचे मांस ही सरकारची मालमत्ता ठरते. म्हणजे सणाच्या पंगतीत कौतुकाने वाढलेली ती सागोती आमची नसतेच. ती चोरीची असते. सातव्या आज्ञेची उजळणी करणाऱ्या घरांत हे सांगण्याची वेळ यावी, याचे आम्हांस दुःख होते.

आता धर्माचा आधार घेणाऱ्यांविषयी. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मानवाला प्राण्यांवर अधिकार दिला, हे वाक्य बंदूकवाल्यांना तोंडपाठ असते. त्यानंतरच्याच अध्यायात त्याच मानवाला बागेची मशागत व राखण करण्यास ठेवले आहे, हे मात्र त्यांच्या वाचनात येत नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात हरणाचे मांस शुद्ध ठरवले आहे, हे आम्ही नाकारत नाही. हरणाचे मांस खाणे हे स्वतःच पाप आहे, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु त्याच ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्यात पिलांसह मादी सापडली तर मादीला जाऊ द्यावे, अशी आज्ञा आहे. ज्याने खाण्याची मुभा दिली, त्यानेच हातही आवरायला सांगितला. मुभा तेवढी लक्षात ठेवावी आणि आज्ञा विसरावी, याला शास्त्रवाचन म्हणत नाहीत.

एसावाची कथा तर अशा मंडळींनी पुन्हा एकदा वाचावीच. इसहाकाला थोरला मुलगा प्रिय होता, कारण त्याने आणलेल्या शिकारीची त्याला गोडी होती. त्या गोडीपायी घरात कपट शिरले, भाऊ भावाचा वैरी झाला. गंमत अशी की रिबेकेने कळपातली करडे रांधून पुढे ठेवली तेव्हा इसहाकाला फरक ओळखता आला नाही. रानातल्या सागोतीच्या चवीची बढाई मारणाऱ्यांनी या प्रसंगावर निवांत चिंतन करावे.

ख्रिस्तसभेची परंपराही त्यांच्या बाजूने नाही. 1215 साली लॅटरन येथे भरलेल्या चौथ्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना शिकार करण्यास आणि त्यासाठी कुत्रे व पक्षी पाळण्यास मनाई केली. 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक श्रद्धाशिकवणीचा ग्रंथ अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य करतो, परंतु त्यांना विनाकारण यातना देणे किंवा ठार मारणे मानवाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही बजावतो. ‘विनाकारण’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ज्याच्या घरी फ्रिज आहे, ज्याच्या नाक्यावर मटणाचे दुकान आहे, त्याने रात्री गाडी काढून, डोळे दिपवणारा प्रकाशझोत टाकून, भांबावलेल्या मुक्या जिवाला गोळी घालण्यास कोणते कारण आहे? भूक नाही. गरज नाही. उरते ती फक्त हौस.

शिकाऱ्यांचे आश्रयदाते म्हणून संत ह्युबर्ट यांचे नाव पुढे केले जाते. ते लीज येथील बिशप होते व 727 साली निवर्तले. त्यांचा सण 3 नोव्हेंबरला येतो. आख्यायिका अशी की तारुण्यात शिकारीच्या नादाने त्यांना झपाटले होते. शुभ शुक्रवारीही ते रानात गेले, आणि समोरच्या हरणाच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला. संत युस्टेस यांच्याविषयीही अशीच कथा सांगतात. या कथेतील शिकारी हरणाला पाहून गुडघे टेकतो. त्याच्या नावाने बार काढणाऱ्यांनी त्याची कथा अर्ध्यावरच सोडून दिलेली असते.

आणखी एक प्रतिवाद आम्ही टाळू इच्छित नाही. आमचे अनेक आप्त कॅनडात, अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. तेथे हरणाची शिकार उघडपणे, कायद्याने होते, बाप मुलाला सोबत नेतो, मग येथेच काय बिघडले, असे विचारले जाते. तेथील हकिकत वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथेही पांढऱ्या शेपटीची हरणे बेसुमार मारल्यामुळे विरळ झाली होती. मग कायदे आले, परवाने आले, हंगाम ठरले, किती जनावरे मारावीत याची मर्यादा ठरली. 1937 च्या कायद्याने बंदुका व दारूगोळ्यावरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लागला. मोठ्या प्रदेशांतून लांडग्यांसारखे शिकारी प्राणी माणसाने आधीच नाहीसे केल्यामुळे आज तेथे हरणांची संख्या उदंड झाली आहे. तेथील शिकारी आधी मोजणी पाहतो, मग परवाना घेतो आणि मगच बंदूक उचलतो. येथे यांपैकी काय आहे? मोजकी भेकरे, तुकड्या-तुकड्यांचे रान आणि भोवती वाढत चाललेली वस्ती. तिकडची बंदूक आणायची आणि तिकडची शिस्त विमानतळावरच ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

रानडुकरांनी भात व कंद उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याचे दुःख आम्ही जाणतो. त्याचा प्रश्न निराळा आहे. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, आणि अपवादात्मक परिस्थितीत अधिकाऱ्याच्या परवानगीने उपाय करण्याची वाट त्याच कायद्यात आहे. त्या शेतकऱ्याच्या आडून हौशी शिकाऱ्याने आपली बंदूक झाकू नये.

तथापि आम्हांस सर्वांत अधिक सलते ती गोष्ट पुढेच आहे. ज्याला आपण कौतुकाने पारध म्हणतो, तिच्यात रान तुडवतो कोण? फासा मांडतो कोण? बहुधा डोंगराकडचा आदिवासी बांधव. त्याला आगाऊ चार पैसे देऊन ‘सणाला काहीतरी घेऊन ये’ म्हणून सांगणारा बंगल्यात राहतो. पकडला जातो तो फासे मांडणारा. त्याच्या घरची कमाई बुडते, त्याची बायको न्यायालयाच्या पायऱ्या झिजवते आणि मांस मागवणाऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर येत नाही. 2025 सालच्या आरंभी आपल्याच पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या रानात, रानडुकराच्या पारधीला गेलेल्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्याला जनावर समजून गोळी घातली. तो मरण पावला, आणि भेदरलेल्या सोबत्यांनी त्याचे प्रेत झुडपांत लपवले. पोलिसांना त्याचा पत्ता काही दिवसांनी लागला. तेथे गेलेले ग्रामस्थ कोणासाठी गेले होते, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु रानातल्या मांसाला जोवर गिऱ्हाईक आहे, तोवर गरिबाच्या खांद्यावर बंदूक राहणार, हे सांगण्यास पुराव्याची गरज नाही. ‘वाटा’ घेणाऱ्या प्रत्येकाचा या पापातही वाटा आहे.

याच भूमीत ‘हरित वसई’साठी स्त्रीपुरुष रस्त्यावर उतरले होते. 2024 साली दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले, त्याबद्दल धमक्या सोसल्या. आपल्या विहिरी आणि झाडे वाचवण्यासाठी ज्या समाजाने मोर्चे काढले, त्याच समाजाच्या ताटात डोंगरावरचे भेकर यावे, ही विसंगती आम्हांस असह्य वाटते. हिरवाई म्हणजे काय केवळ आपल्या वाडीची सावली?

एवढे बोलून आम्ही थांबलो असतो तर दुसरा तट टाळ्या पिटून घरी गेला असता. त्यांना आम्ही जाऊ देणार नाही. बंदूक खाली ठेवा म्हणणे सोपे आहे. रिकाम्या झालेल्या हातात काय दिले, हा प्रश्न त्यांच्यासाठी आहे. जुन्या पारधीत रक्तपात होता, पण त्याबरोबर आणखीही काही होते. पहाटे उठणे होते. न बोलता तासन्‌तास बसणे होते. वाऱ्याची दिशा, मातीतला खूर, पाखरांचा बदललेला आवाज ओळखणे होते. बापाच्या मागोमाग चालताना त्याचे मौन समजून घेणे होते. हे सारे चांगले होते. त्याच्यासाठी जनावर मारण्याची आवश्यकता नव्हती, आणि जनावर मारणे बंद झाले म्हणून ते सोडण्याचीही आवश्यकता नव्हती. आम्ही मात्र दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून फेकून दिले.

आज मुलगा शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून मोबाईलकडे जातो. रविवारची मिस्सा आटोपली की कुटुंब रिसॉर्टवर जाते. तेथे निळ्या रंगाचे पाणी, कर्कश गाणी आणि तिकिटावर मिळणारे जेवण असते. याला आम्ही ‘निसर्गात जाणे’ म्हणतो. गावातले बावखल मातीने भरले जाते तेव्हा त्या मुलाला काहीच हरवल्यासारखे वाटत नाही, कारण तो त्यात कधी पोहलेला नसतो, काठावर गळ टाकून बसलेला नसतो, खंड्याने मारलेला सूर त्याने पाहिलेला नसतो. ज्याची ओळखच नाही त्याचे रक्षण कोण करील? रानाविषयी कसलीही हौस नसलेली पिढी रानाला शिकाऱ्यापेक्षाही अधिक घातक ठरेल. शिकारी निदान रान उभे असावे अशी इच्छा तरी करतो.

सलीम अली यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून कुतूहल जागे झाले, ती घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून भारतातील पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय सुरू झाला. कुतूहलाला कोणीतरी वडीलधाऱ्याने वाट दाखवली म्हणून हे घडले. आमच्या मुलांच्या कुतूहलाला वाट दाखवणारे वडीलधारे कोठे आहेत?

म्हणून आमचे सांगणे असे. प्रत्येक कुटुंबाने यापुढे रानातल्या मांसाचा वाटा नाकारावा, मग तो कितीही जिव्हाळ्याच्या घरून आलेला असो. महिन्यातून एक रविवार बापाने मुलामुलींना घेऊन पायी निघावे. मुलीही यात आल्याच, जुन्या पारधीने त्यांना घरी ठेवले होते, ती चूक पुन्हा नको. विहिरीत पोहणे, गळ टाकणे, वीस पक्षी आवाजावरून ओळखणे, भाताची लावणी करणे, यांतले काहीही चालेल. गळ टाकतानाही अनुवादातील ती आज्ञा स्मरावी, आणि वलगणीच्या दिवसांत अंड्यांनी भरलेल्या माशांवर तुटून पडू नये. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक दिले, आणि 1 सप्टेंबर हा सृष्टीच्या संगोपनासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून नेमून दिला. धर्मग्रामांनी तो दिवस केवळ प्रवचनात न घालवता मुलांना डोंगराच्या पायथ्याशी न्यावे. आणि तेथे त्यांना झाडे, खुरा, पाऊलवाटा दाखवण्यासाठी त्याच आदिवासी बांधवाला मानाने बोलवावे, गुरू म्हणून पुढे बसवावे आणि योग्य मानधन द्यावे. भेकरासाठी आगाऊ पैसे देणारे खिसे आमच्यात आहेतच. तेच पैसे त्याच्या ज्ञानासाठी मोजले गेले, तर तुंगारेश्वरच्या उतारावर भेकराचे भुंकणे आमच्या नातवंडांनाही ऐकू येईल, आणि त्या मुलांना ते ओळखताही येईल.