पेनड्राइव्हमधील त्रुटित पोथी

पेनड्राइव्ह ही वस्तु आतां घरोघरीं पळीपंचपात्राइतकी परिचयाची झाली आहे. तींत कुलवृत्तान्त असतो, लग्नमुंजींचे हिशेब असतात, वडिलांच्या आठवणी असतात. आणि दुसरी प्रत बहुधा कोठेंच नसते. एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या श्वशुरांनीं दोन वर्षें रोज थोडथोडें सांगून लिहविलेल्या आठवणी अशाच एका पेनड्राइव्हवर होत्या. लेखन जतन होत असतांच घरांतील कोणीं तरी तो ओढून काढला. आतां फाइलीचें नांव दिसतें, पण ती उघडत नाहीं. श्वशुर गतवर्षीं निवर्तले. तेव्हां पुनः सांगणारें कोणी उरलें नाहीं.

प्रथम काय करूं नये तें सांगतों. संगणक मोठ्या सभ्यपणें विचारतो, ‘ही डिस्क फॉरमॅट करूं काय?’ नाहीं म्हणावें. पेनड्राइव्हवर एक अनुक्रमणिका असते व बाकीचीं पानें निराळीं असतात. फाइल पुसली असतां अनुक्रमणिकेंतील नोंद तेवढी रद्द होते. त्या जागीं नवें कांहीं लिहिलें जाईपर्यंत पानें तशींच राहतात. परंतु विंडोजचें पूर्ण फॉरमॅट व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सर्व जागा शून्यांनीं भरून टाकतें. मग उपाय नाहीं. ‘चेकडिस्क’ नांवाची दुरुस्तीही घाईनें करूं नये. तिला अनुक्रमणिका सुसंगत करावयाची असते, तुमच्या मजकुराची तिला पर्वा नसते.

पुढची गोष्ट प्रतीची. महाभारताची चिकित्सक आवृत्ति पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत सिद्ध केली. अशा कामांत मूळ हस्तलिखितावर कोणी लेखणी चालवीत नाहीं. तोच नियम येथें पाळावा. संपूर्ण पेनड्राइव्हची प्रतिकृति, जिला ‘इमेज’ म्हणतात, ती संगणकावर उतरून घ्यावी आणि सर्व प्रयोग तिच्यावर करावेत. पेनड्राइव्ह कोणत्याच संगणकाला दिसत नसेल, तर मात्र घरीं त्याचें कवच फोडण्याचें साहस नको. तें प्रयोगशाळेचें काम आहे, व खर्चाचें आहे.

आतां खरी मौज. वर्डची ‘डॉकएक्स’ फाइल ही एक फाइल नव्हेच; ती झिप पद्धतीनें दाबून बांधलेलें बाड आहे. तिच्या नांवाचा शेवट बदलून ‘झिप’ केला कीं आंतील कप्पे दिसतात. ‘वर्ड’ नांवाच्या कप्प्यांत ‘डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल’ असतें, मजकूर त्यांत. चित्रें ‘मीडिया’ या वेगळ्या कप्प्यांत. या बाडाची सूची आरंभीं नसून शेवटीं असते, जशी जुन्या पोथीची पुष्पिका शेवटीं असते. लेखन अर्ध्यावर तुटलें कीं पहिला घाव सूचीवरच बसतो, आणि सूची नाहीं म्हणून वर्ड सर्वच बाड नाकारतो. पण पुष्पिका फाटली म्हणून कोणी पोथी नदींत सोडतो काय? प्रत्येक कप्प्याच्या आरंभीं त्याचें नांव लिहिलेलें असतेंच. त्यामुळें ‘सेव्हन-झिप’सारखीं साधनें कित्येकदां सूचीवांचूनही मजकूर बाहेर काढतात. त्यापूर्वीं वर्डमधील ‘ओपन अँड रिपेअर’ वापरून पाहावें, लिबरऑफिसही पाहावें. तें अधिक सहिष्णु आहे. एक मर्यादा ध्यानांत असूं द्यावी. मजकूर दाबलेला असल्यामुळें मध्यें एखादा तुकडा भ्रष्ट झाला, तर त्यापुढील भाग सहसा वाचतां येत नाहीं, आधींचा येतो.

फाइलींत नुसतीं शून्यें भरलीं असतील तर दुरुस्ती संभवत नाहीं. शोध मात्र संभवतो. वर्ड जतन करतांना प्रथम तात्पुरती प्रत लिहितो व मग जुनी काढून टाकतो. त्या टाकलेल्या प्रती पेनड्राइव्हवर पडून असूं शकतात. ‘फोटोरेक’ हें विनामूल्य साधन नांवाला विसरून आरंभींच्या खुणेवरून फाइली ओळखतें. सांपडलेलें सर्व दुसऱ्या डिस्कवर ठेवावें, त्याच पेनड्राइव्हवर कदापि नव्हे. ज्या संगणकावर लेखन झालें, तेथें वर्डच्या ‘ऑटोरिकव्हर’ प्रतीही अवश्य पाहाव्यात. हा कोपरा बहुतेक लोक विसरतात.

मराठी मजकुराची एक निराळीच फसगत आहे. श्रीलिपि किंवा शिवाजी या जुन्या फाँटांतील लेखन दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारखें दिसतें. तें भ्रष्ट नव्हे. फाँट बसविला कीं वाचतां येतें. युनिकोडमधील देवनागरीचें प्रत्येक चिन्ह ‘यूटीएफ-८’ पद्धतींत तीन बाइट घेतें. तीं चुकीच्या रीतीनें वाचलीं गेलीं, तर एकेका चिन्हाचीं तीन परकीं चिन्हें होतात, आणि त्यांतील पहिलें सर्वत्र तेंच तें येतें. पडद्यावर अशी एकसारखी आवृत्ति दिसली तर फाइल टाकूं नये. वाचनपद्धति ‘यूटीएफ-८’ निवडून पुनः उघडावी.