सकाळचा नंबर

मुलुंड घ्या, घाटकोपर घ्या, नाहीतर बोरिवली. वन रूम किचनमध्ये सकाळी सहा ते आठ संडास नोकरदारांचा आणि शाळकरी पोरांचा. आजोबा आपणहून म्हणतात, ‘तुमचं आटपा, मला कुठं लोकल गाठायचीय?’ चहा-न्याहारीनंतर मोठ्या आतड्याला आपसूक चालना मिळते. ती वेळ रोज टाळली की कळ येईनाशी होते, मळ आत पडून राहतो आणि आतडं त्यातलं पाणी शोषत बसतं. अकराला घर रिकामं होतं, पण तेव्हा कळ कुठली असायला!

मग चूर्णाची बाटली येते. बद्धकोष्ठ हा आपल्याकडे विनोदाचा विषय किंवा चूर्णाचा, निदानाचा क्वचितच. बँकेत रोकड जुळली नाही की आम्ही आधी दिवसभराच्या नोंदी तपासायचो. इथे नोंदी म्हणजे उशाजवळच्या गोळ्यांच्या पट्ट्या. लोह, कॅल्शियम, रक्तदाबावरची काही औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांतलं काहीही आतडं सुस्तावू शकतं. थायरॉइड मंदावल्यानेही तेच होतं. शिवाय म्हातारी माणसं पाणीच कमी पितात, कारण बाहेर पडल्यावर लघवीला जायचं कुठे? मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली ती बायकांच्या याच कोंडीतून.

रोज झालंच पाहिजे, हा मात्र हट्ट. आठवड्यातून तीनदा, विनासायास झालं तरी बिघडत नाही. इसबगोल चांगलं, पण पेलाभर पाण्याबरोबर. कमी पाण्यात ते स्वतःच अडकून बसतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याने पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं. कमोडवर बसताना पायांखाली बुटका स्टूल घ्यावा, जोर कमी करावा लागतो.

अंथरुणाला खिळलेल्यांची गोष्ट वेगळी. आत खडा बसतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतं. घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवणारी गोळी देतात! डॉक्टरांनी बोटाने तपासलं तर बहुधा दोन मिनिटांत कळतं, पण त्याची लाज आडवी येते.

उतारवयात पोटाची सवय एकाएकी बदलली, रक्त पडलं, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरलं, तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणून महिने काढू नयेत. आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होतो. राजावाडी, कूपर ही पालिकेची रुग्णालयं उपनगरांतच आहेत. केसपेपर काढून दुर्बिणीच्या तपासणीबद्दल स्पष्ट विचारावं, आणि सुनेसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर तिला बाहेर बसवावं.