हाऊटनची मतदारयादी



घरकामगार बायांच्या शिबिरात मी हेलन सुझमनची गोष्ट सांगत होते. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत वर्णभेदाविरुद्ध एकटीने लढलेली बाई. गोष्ट रंगली होती. मधेच एका मावशीने विचारलं, "ताई, तिला मतं देणाऱ्यांच्या घरी भांडी कोण घासत होतं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. हे संपादकीय त्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

हाऊटन हा जोहान्सबर्गमधला श्रीमंत गोऱ्यांचा मतदारसंघ. मोठमोठे बंगले, बागा, आणि प्रत्येक बंगल्याच्या मागच्या अंगाला नोकरांची खोली. त्या खोलीत राहणारी काळी बाई मालकिणीची मुलं वाढवायची. तिची स्वतःची मुलं मात्र गावी आजीकडे, कारण गोऱ्यांच्या वस्तीत त्यांना आईजवळ राहायची मुभा नव्हती. तिला स्वतःलाही तिथे राहायला पास लागायचा. बायकांवरची ही पाससक्ती हाणून पाडण्यासाठी ९ ऑगस्ट १९५६ रोजी लिलियन न्गोयी, रहिमा मूसा, हेलन जोसेफ, सोफी द ब्रॉइन यांच्या पुढाकाराने सुमारे वीस हजार बाया प्रिटोरियाच्या सरकारी कचेरीवर चालून गेल्या. तरीही सक्ती आलीच.

मग मत कुणाला होतं? १९३० साली तिथल्या बायकांना मताधिकार मिळाला, पण फक्त गोऱ्या बायकांना. केप प्रांतात काही काळ्या पुरुषांना मत होतं. गोरे मतदार एका फटक्यात वाढले की त्या मताची किंमत आपोआप घटणार, हा हिशोब त्यामागे होता. पुढे १९३६ मध्ये त्या पुरुषांची नावंही सर्वसाधारण यादीतून काढली. बायकांना हक्क मिळाला म्हणून टाळ्या वाजवताना कुठल्या बायकांना आणि कुणाच्या जिवावर, हे विचारायचं राहून जातं. आपल्याकडूनही ते राहतं.

अशा यादीतून १९५३ साली हेलन सुझमन निवडून आली. लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली, अर्थशास्त्र शिकवणारी, दोन मुलींची आई. १९५९ मध्ये तिने आणि काही सहकाऱ्यांनी युनायटेड पार्टी सोडून प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. १९६१ च्या निवडणुकीत बाकीचे सगळे पडले, ही एकटी अवघ्या ५६४ मतांनी आली. नंतरची तेरा वर्षं, म्हणजे १९७४ पर्यंत, दीडशेहून अधिक सभासदांत ती आपल्या पक्षाची एकमेव. १९६३ मध्ये विनाचौकशी नव्वद दिवस डांबण्याचा कायदा आला तेव्हा विरोधात मत एकटीचं. ती सरकारला प्रश्नामागून प्रश्न विचारायची: पासखाली किती धरले, किती हुसकले, कोठडीत किती मेले. एका मंत्र्याने तिच्या प्रश्नांमुळे देशाची नाचक्की होते म्हटल्यावर तिने सुनावलं, की नाचक्की होते ती तुमच्या उत्तरांमुळे. १९६७ मध्ये ती रॉबेन बेटावर जाऊन मंडेलांना आणि इतर कैद्यांना भेटली. हाऊटनने तिला १९८९ पर्यंत, ती स्वतः थांबेपर्यंत, निवडून दिलं.

तिचं मोठेपण मी कमी करत नाही. विधानसभेच्या गॅलरीत बसून मी आपल्या प्रश्नांची वासलात लागताना पाहिली आहे. एकटीने उभं राहायला काय लागतं, याची थोडी कल्पना आहे. पण मावशीचा प्रश्न सुटत नाही. प्रोग्रेसिव्ह पार्टी सुरुवातीला सरसकट मताधिकार मागत नव्हती. शिक्षण किंवा मिळकत असेल त्यालाच मत, मग रंग कुठलाही असो, असं तिचं धोरण होतं. मागच्या खोलीतली बाई त्या अटीतही बसली नसती. सर्वांना मत हे धोरण पक्षाने स्वीकारलं ते १९७८ मध्ये. म्हणजे तिच्या बाजूने सर्वांत खणखणीत बोलणाऱ्या पक्षानेही पंधरा-वीस वर्षं तिला दाराबाहेरच उभं ठेवलं होतं.

एप्रिल १९९४ मध्ये ती बाई रांगेत उभी राहिली. त्याच निवडणुकीपासून एकेका खासदाराचे मतदारसंघ गेले आणि पक्षांच्या याद्या आल्या, त्यामुळे जुना हाऊटन मतदारसंघ उरला नाही. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने आपल्या यादीत एक तृतीयांश बाया घेतल्या, आणि संसदेत बायांचं प्रमाण एकदम चतुर्थांशावर गेलं. (आपल्या लोकसभेने एवढी मजल २०२४ सालीही मारली नव्हती.) मंडेलाही पुढे हाऊटनलाच राहायला गेले, २०१३ मध्ये वारले तेही तिथेच.

पण मत मिळालं म्हणून मागची खोली सुटली नाही. किमान वेतन २००२ मध्ये ठरलं. कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क मिळायला २०२० उजाडलं, आणि तोही मालकाच्या घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून मेलेल्या एका मोलकरणीच्या मुलीने घटना न्यायालयापर्यंत भांडून मिळवला.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत मावशींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या गल्लीत अकरा जणींची नावं यादीत नाहीत. भाड्याची खोली बदलली की नाव जातं. अर्ज कुठे मिळतो ते सांगा." रविवारी आम्ही दोघी त्या अकरा जणींच्या दारात जाणार आहोत.