कुलूप भारी, पण कोयंड्याचं काय?

तर झालं असं, की दिवाळीनंतर सिडकोत आमच्या गल्लीतलं एक बंद घर फुटलं. माणसं लग्नाला गेलेली, दोन दिवसांनी परत आली तर दार सताड उघडं. त्या दिवसापासून आईने नाशिकचं नाव काढणंच सोडून दिलं. बहिणीची डिलिव्हरी महिन्यावर आलेली, आणि बाबा गेल्यापासून आई संभाजीनगरला एकटी, मी नोकरीपायी पुण्यात. "घराला कुलूप लावून दोन महिने कशी जाऊ रे?" फोनवर रोज हेच.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. दोन रात्री जागून 'पिक न होणाऱ्या' कुलपांचा अभ्यास केला. (ऑफिसचं काम एवढ्या मनापासून केलं असतं तर... असो.) विषय आहे मात्र भन्नाट! पाच पिनांचं कुलूप घ्या, प्रत्येक पिनेच्या सहा उंच्या धरा, म्हणजे कागदावर झाल्या ७,७७६ वेगवेगळ्या चाव्या. पण पिक करणारा काही ७,७७६ चाव्या घेऊन बसत नाही. तो एकेक पिन चाचपून जागेवर बसवतो. म्हणजे आख्खा पासवर्ड ओळखायचाच नाही, एकेक अक्षर सुटं सुटं फोडायचं! हे अवघड व्हावं म्हणून महागड्या कुलपांत चकवणाऱ्या पिना आणि चकत्या घालतात.

यातला माझा आवडता किस्सा लंडनचा. पिकॅडिलीत ब्रामांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेलं असे: उघडून दाखवा आणि २०० गिनी घेऊन जा. कित्येक वर्षं ते कुणाला उघडलं नाही. १८५१ साली तिथल्या मोठ्या प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज यांनी उघडलं. वेळ किती लागला? १६ दिवसांत मिळून ५१ तास!

आता मला सांगा, सिडकोत कुठला चोर आमच्या दारात ५१ तास बसणार आहे? समोरच्या काकू त्याला आधी चहा विचारतील :)

खरं तर हे मला पेपर वाचूनच कळायला हवं होतं. आपल्याकडच्या चोरीची बातमी आठवून बघा. 'कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला', नाहीतर 'कुलूप तोडून'. कुलूप नजाकतीने उघडलं अशी बातमी मी तरी क्वचितच वाचली असेल. आपला शब्दसुद्धा घर'फोडी' आहे! चोराच्या हातात असते कटावणी किंवा टॉमी. त्याला कुलपाशी देणंघेणं नाही, कोयंड्याशी आहे.

शनिवारी घरी जाऊन दार नीट बघितलं तर हसावं की रडावं कळेना. लोंबणारं सात लिव्हरचं दणकट कुलूप, बाबांनी घेतलेलं. आणि ते ज्यात अडकवायचं तो कोयंडा चार आखूड स्क्रूंवर उभा. दोन तर बोटानेच फिरले. त्यात बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला पाटीच, घरात कुणी नाही म्हणून.

देवगिरी इथून पंधरा किलोमीटरवर. डोंगर तासून उभा कडा केलेला, वर जायची सोय नाही. आणि १२९६ साली अल्लाउद्दीनाच्या वेढ्यात धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली, असं सांगतात. लहानपणी सहलीला ऐकलेली ही गोष्ट दारात उभं राहून आठवली.

म्हणून माझं मत: पैसे आधी दारावर घाला, मग कुलपावर. मी हजारोंचं आयात कुलूप रद्द केलं. दारातच बसणारं साधं, चांगल्या कंपनीचं मॉर्टिस लॉक घेतलं. ते बंद आहे की नाही, लांबून कळत नाही. सुताराला सांगून चौकटीच्या बाजूची पट्टी जाड घेतली आणि लांब स्क्रूंनी लाकडात खोलवर बसवली. जुना कोयंडा आतून नट लावून आरपार बोल्टने बसवला. मागच्या दाराला आतून लोखंडी आडणा. मागचं दार सगळेच विसरतात!

एका गोष्टीवर दुकानदाराशी वाद घातला. तो म्हणे, "साहेब, आतूनपण चावीचंच घ्या, जास्त सेफ." मी नाही घेतलं. आईचे गुडघे धरलेले. रात्री आग लागली, गॅस गळला, तर ती चावी शोधत बसणार? आतून नुसती मूठ फिरवली की दार उघडलं पाहिजे. चोरापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते.

आणि पिकिंग? भाड्याने घर देत असाल, चाव्या दहा हातांतून जात असतील, तर सहजासहजी डुप्लिकेट न होणाऱ्या चावीचं कुलूप जरूर घ्या. त्यात पैसे वाया जात नाहीत. आमच्याकडे दोनच चाव्या. एक तुळशीच्या कुंडीखाली असायची, वर्षानुवर्षं! ती आधी काढली.

आई परवा नाशिकला गेली. ती चावी आता समोरच्या काकूंकडे. रोज संध्याकाळी त्या पुढच्या खोलीतला दिवा लावतात, पेपर उचलतात आणि मला मिस्ड कॉल देतात.