वाद्य स्वस्त असावे, सदोष नसावे

माझ्या पुतणीने गेल्या वर्षी इलेक्ट्रिक बास गिटार शिकण्याचा हट्ट धरला. घरच्यांनी हौसेने एक स्वस्त वाद्य आणून दिले. तीनच महिन्यांत बोटांना फोड आले आणि "काका, हे माझ्याच्यानं होणार नाही," असे म्हणून तिने ते कोपऱ्यात उभे करून ठेवले. पुढे वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिराने ते हाती घेतले व सांगितले, "मुलीचा हात उत्तम आहे, तारा फार उंच बसवल्या आहेत." तासाभरात दोष दूर झाला. वाद्याचा दोष आम्ही मुलीच्या माथी मारला होता, ही बोच मात्र राहिली.

१९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. त्याच्या दांडीवरील पडद्यांमुळे सूर अचूक लागे, म्हणून हे नाव. आजची बहुतेक स्वस्त वाद्ये याच घडणीची, किंवा त्यानंतर आलेल्या 'जॅझ बास'च्या घडणीची असतात. ई, ए, डी, जी या चार तारा साध्या गिटारच्या चार जाड तारांहून एक सप्तक खाली बोलतात. तारेची बोलती लांबी सहसा ३४ इंच असते. लहान हातांना ३० इंचांची सोयीची पडते.

खरेदी करताना रंगावर भाळू नये. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. कोठे खरखर होते का, ते ऐकावे. पट्टा खांद्याला लावून हात सोडावेत. दांडी खाली झुकत असेल तर खांदा लवकरच दुखेल. खुंट्या घट्ट आहेत का, आवाजाची कळ फिरवताना चरचरते का, हेही पाहावे. बाससाठी योग्य अॅम्प्लिफायर लागतो, म्हणून सगळी रक्कम वाद्यावरच खर्चू नये.

सुधारणेचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम जुळणी करावी. एकाच तारेला पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबून धरावे. सातव्या पडद्यापाशी व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी. ती फार मोठी असेल तर दांडीतील सळई, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेराच कसावी. हात सराईत नसेल तर हे काम कारागिरावर सोपवावे. पावसाळ्यातील दमटपणाने लाकूड हलते, तेव्हा ही तपासणी पुन्हा करावी. त्यानंतर घोडीवरील आधार खालीवर करून तारांची उंची साधावी. मग चांगल्या तारा घ्याव्यात. गुणगुण येत असेल तर आतील पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती अर्थिंगला जोडावी. पिकअप बदलण्याचा मोठा खर्च सर्वांत शेवटी, तोही दांडी निकोप असेल तरच.

मोटाउनच्या असंख्य गीतांना बासचा आधार देणारे जेम्स जेमरसन आपल्या प्रिसिजन बासच्या सपाट वेटोळ्याच्या तारा क्वचितच बदलत. जुन्या तारांतूनही त्यांचा हात बोलत असे.

पुतणी आता रोज संध्याकाळी वाजवते. वाद्य तेच आहे. वाचकहो, आपल्या घरातील मुलाने एखादे वाद्य खाली ठेवले, तर त्याला गती नाही असे ठरवण्यापूर्वी ते वाद्य एकदा जाणत्याच्या हाती द्यावे.